निवृत्तीच्या मनगटावरचा पट्टा

बीबी गावात सून म्हणून आली त्याला सोळा वर्षं झाली होती, आणि त्यातली चौदा सुचिताने नवऱ्याच्या फिटांवर नजर ठेवण्यात घालवली होती. निवृत्तीचा डावा अंगठा आत वळला की हातातली भाकर परातीत टाकून ती धावे. गेल्या हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी देताना तो पाण्याच्या दांडात पालथा पडला. शेजारचे उत्तमराव मोटर बघायला आले, म्हणून तोंड वेळेवर चिखलातून निघालं. तेव्हापासून सुचिताच्या अंगात थकवा असा मुरला होता की विश्रांती घेतली तरी उतरत नसे.

यंदा संभाजीनगरच्या एका दवाखान्यातून संजीवनी नावाची मुलगी येऊ लागली. फिटा ठराविक वेळीच येतात का, झोपेशी आणि शरीराच्या रोजच्या चक्राशी त्यांचं काही नातं आहे का, हे त्या लोकांना तपासायचं होतं. तिने निवृत्तीच्या मनगटावर रबरी पट्टा बांधला. नाडी, घाम, पावलं, झोप, सगळं त्यात नोंदलं जाई. फिट आली की सुचिताने वहीत तारीख आणि वेळ लिहायची. तीन महिन्यांनी या आकड्यांवरून डॉक्टर गोळीची वेळ बदलणार होते.

मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी संजीवनी ओसरीवर लॅपटॉप उघडून बसली.

"वहिनी, शेताला विजेची रात्रीची लाईन असते त्या आठवड्यांत दादा पाणी द्यायला जातात ना?"

"जातात न. लाईन रात्री, तं पाणी दिवसा कुठून येईन?"

"मग या रात्रींत पावलं का नाहीत? माणूस नुसता एका जागी बसलेला दिसतो."

सुचिताने कपबशी खाली ठेवली. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सोमवारी याच आकड्यांवर गोळी बदलायची होती, आणि चुकली तर पुन्हा तो दांड.

"तो पट्टा मी घालत होती, मॅडम."

"तुम्ही?"

"चिखलापाण्यात महागाची वस्तू खराब होईन म्हणून हे काढून ठेवत. अन् तुमी म्हणे, एक तासही रिकामा जाऊ देऊ नका. मंग मीच घातला."

"अहो वहिनी, पाण्यानं याला काही होत नाही! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं असन. त्या दिवशी यायले दोन फिटा आल्या होत्या. माह्यं ध्यान कुठं होतं?"

खाटेवरून निवृत्ती हसला. "म्हंजे माह्या नावानं तू झोपा काढत होती! मजा हाय बुवा."

"झोपा कुठल्या, दादा?" संजीवनीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "एकवीस रात्री आहेत. एकीतही झोप नाही. नाडी पहाटेपर्यंत धावते आणि तुम्ही घरी यायच्या वेळी उतरते."

निवृत्ती उठून बसला. "मले तं म्हणे, तुमी गेले की डाराडूर झोपते. काऊन खोटं बोलली?"

"खरं सांगून तुमी काय लाईन दिवसा आणली असती?"

संजीवनीने हळूच सांगितलं, त्या रात्री वगळाव्या लागतील, गोळी सोमवारी बदलता येणार नाही, मोजणी पहिल्यापासून करावी लागेल. अजून तीन महिने. म्हणजे मार्च, सुचिता मनात म्हणाली. तोवर गव्हाचं शेवटचं पाणीही होऊन जाईल.

त्या संध्याकाळपासून पुन्हा रात्रीची लाईन होती. निवृत्तीने पट्टा घट्ट केला, बॅटरी घेतली. बाहेर आला तर सुचिता डोक्याला स्कार्फ गुंडाळून, काखेत बसायला रिकामं पोतं घेऊन उभी.

"तू कुठं?"

"घरी जागायचं ते बांधावर जागू."

"थंडी हाय तिथं."

"मंग इथं काय ऊन हाय?"

तो आत गेला आणि अंगावर घ्यायला अजून एक पोतं घेऊन आला.