ढिल्या खाचा

"धा बार उडवलं की म्होरली गोळी आत जातच न्हाई, दादा. काजळी धरती नळीत. दगडानं गज ठोकला, तरच उतरती."

केलब डाव्या हातानं पाव मोडत बोलत होता. उजवा हात खांद्यापासनं लोंबत होता. आफ्रिकेत केपच्या लढाईत, झाडीत असाच गोळी रेटायचा गज ठोकायला उभा राहिला, आणि तेवढ्यात शत्रूनं त्याला टिपलं.

त्याचा थोरला भाऊ ईनॉक पॅडमोर खाली मान घालून चरबी लावलेला पाव चावत राहिला. केलब बोलत होता ती फौजेची ब्रन्सविक रायफल; तिच्या नळीत दोनच खाचा, पण खोल. शिशाच्या गोळीच्या पोटाला कडं, आणि ते कडं बरोबर त्या खाचांत बसवायचं. बर्मिंगहॅमच्या बोळात ईनॉक गेली नऊ वर्षं त्याच खाचा कोरत होता.

"माप सरकारचं हाय," तो म्हणाला.

"माप कवा केपला आलंतं का? तुझा हात तर तुझा हाय. तपासनिसाला सांग की."

ईनॉक सांगतो म्हणाला. पण सांगण्याआधी करून दाखवावं, असं त्याच्या डोक्यात आलं.

सोमवारी बोळात कानसेचा आवाज नसतो. सगळे कारागीर दारूच्या गुत्त्यावर. ईनॉक तेवढा थेंबाला न शिवणारा; त्यावरून त्याला पाद्री म्हणून चिडवायचे. त्या सोमवारी तो एकटाच कारखान्यात गेला. तयार चोवीस नळ्यांतनं त्यानं खाचा कोरायची पात्याची सळई पुन्हा चार-चार वेळा ओढली. खाचा केसभर ढिल्या झाल्या. शिशाची ओतीव गोळी टाकून बघितली, लोण्यातनं गेल्यासारखी गेली.

मंगळवारी सरकारी तपासनीस आला. मापाचा पितळी गट्टू नळीत अडत-अडत उतरायला पाहिजे. तो सुळकन खाली येऊन त्याच्या तळहातावर पडला. दुसऱ्या नळीतही तेच. चोवीसच्या चोवीस. प्रत्येकीवर त्यानं छिन्नीनं नापासाची फुली मारली.

आजूबाजूच्या कानशी थांबल्या. जाणूनबुजून माप मोडणाऱ्याला त्या बोळात पुन्हा कुणी कामाच्या बाकावर बसू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तपासनीस जुना माणूस, कधीकाळी स्वतः खाचा कोरलेला. त्यानं ईनॉककडं बराच वेळ बघितलं.

"काय रं पाद्री, सोमवारी ढोसून बसलास व्हय कामाला?"

कुणीतरी फिसकन हसलं. दारूनं बिघडलेलं काम माफ होतं; ते कुणाच्या हातनं झालं नव्हतं? केपची झाडी, काजळी, दगड, सगळं ईनॉकच्या जिभेवर आलं होतं.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "चढली हुती."

मग हशाच उसळला. शेजारच्यानं पाठीत थाप मारली, आता आमच्यात आलास म्हणाला.

दुपारी ईनॉक जेवायला घरी गेला. केलब दारातच बसला होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

केलबनं मान फिरवली. गुत्त्यावरनं बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"जल्मात प्यालेला न्हाईस तू, दादा," तो म्हणाला. "माझ्या गेलेल्या हातासाठी तरी खरंच पिऊन जायचंस; मग खरं बोलला असतास."

ईनॉकनं वाटाण्याची वाटी तशीच बाजूला सारली. कारखान्यात परत जाऊन पात्याला तेल लावलं, नवी नळी बाकावरच्या पकडीत आवळली आणि सळई ओढायला लागला. पहिली खाच पुरी झाल्यावर त्यानं गट्टू टाकून बघितला. जिथं अडायला पाहिजे तिथं तो अडला. त्यानं नळी फिरवून दुसरी खाच धरली.