टाकीतले दहा लिटर

साताऱ्याहून मी निघालो तो ताईच्या एका वाक्यामुळे. फोनवर ती म्हणाली, "गाडी आचके देऊन राहिली. तू विज्ञान शिकवलं ना जन्मभर? मग ये." भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते. तेवढेच महिने त्यांची जुनी पांढरी गाडी मनीषनगरातल्या घरासमोर उभी होती. दर जानेवारीत ती दोघे त्या गाडीने रामटेकला जात. यंदा ताईला स्वतः गाडी चालवत तिथे जायचे होते.

नागपूरला उतरलो तेव्हा सकाळच्या थंडीने बोटे आखडली होती. ताई स्टेशनावर रिक्षाने आली. वाटेत तिने मला तर्री पोहे (पोह्यांवर ओतलेला हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा) खायला घातले. डोळ्यांतून पाणी आले. "पुण्याकडचे लोक असेच रडतात," ती म्हणाली. सातारा पुण्यात नाही, हे मी चाळीस वर्षांपासून सांगत आलो आहे.

दुपारी गाडी रखडत लकडगंजात तिच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने टाकीचे झाकण उघडले, नाक जवळ नेले आणि मान हलवली.

"बाई, हे पेट्रोल उतरलं. पूर्ण काढून टाका, नवीन भरा. गाडी पाखरासारखी पळते."

निदान बरोबर होते. पेट्रोल म्हणजे अनेक द्रव्यांचे मिश्रण. त्यांतली हलकी, चटकन पेट घेणारी द्रव्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीतून उडून जातात. मागे राहते ते आळशी. हे मी ताईला नीट समजावले. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"काढायचं नाही," ती म्हणाली.

"काहून (का) पण, बाई?" मिस्त्रीने विचारले.

"ते त्याईनं (त्यांनी) भरलेलं आहे."

मिस्त्रीने हातातली नळी खाली ठेवली. थोड्या वेळाने त्याने टाकीत अंदाजे दहा लिटर असल्याचे सांगितले. तेल फार बिघडलेले नव्हते. ताजे दुप्पट मिसळले तर गाडी चालण्यासारखी होती. "चढावर रुसली तर मले बोलू नका," एवढे मात्र त्याने बजावले.

आता प्रश्न उरला कोणते पेट्रोल मिसळायचे याचा. हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाबाखाली ते वेळेआधी पेटू नये, यासाठी ते किती धीर धरते, हे तो आकडा सांगतो. ज्या इंजिनाला एक्क्याण्णव पुरते, त्याला पंच्याण्णव पाजून सहसा काही साधत नाही. कंपनीचे म्हणाल, तर मूळ पेट्रोल सर्वांना सारख्याच निकषांत बसवावे लागते. फरक असतो तो वरून घातलेल्या स्वच्छक द्रव्यांचा. इथेनॉलचे प्रमाण तेवढे जुन्या गाडीच्या मालकाने पाहावे, कारण जुने रबर त्याने झिजते. मिस्त्रीने रबरी नळ्या आधीच बदलल्या होत्या. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते: एक्क्याण्णव. म्हणजे साधे.

"साधं नाही," ताई म्हणाली. "आम्ही चांगलंच टाकत होतो. आणि त्यांच्या नेहमीच्याच पंपावर जायचं."

नागपुरात महाग पेट्रोलाला 'चांगलं' म्हणतात. साधे म्हणजे वाईट नव्हे, हे माझे म्हणणे सिग्नलच्या गोंगाटात विरले.

पंपावरच्या पिकल्या मिशांच्या माणसाने गाडी ओळखली. "बाई, साहेब दिसून नाही राहिले कुठी?"

"गेले, भाऊ. मे महिन्यात."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच विचारले, "काय टाकू? साधं का चांगलं?"

"चांगलं. ते नेहमी तेच टाकत ना?"

तो घुटमळला. "तुम्ही सोबत असल्या की चांगलं. एकटे आले की साधं. म्हणत, बाईले साधं चालत नाही, गड्या."

ताई त्याच्याकडे पाहत राहिली. "लबाड!" ती म्हणाली, आणि इतकी हसली की मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले. "शेवटचं भरायला एकटेच गेले होते. मग साधंच टाक."

पुस्तिकेचा विजय झाला; माझा नव्हे.

दुसऱ्या दिवशी कामठी, मनसर करत रामटेक गाठले. ताई स्टीअरिंगला छाती टेकेल इतकी पुढे सरकून बसली होती. गडाच्या चढावर इंजिन खोकले आणि बंद पडले. तिने दोनदा किल्ली फिरवली. तिसऱ्यांदा फिरवण्याआधी रिकाम्या जागेशी बोलावे तसे म्हणाली, "चला ना, एवढंच तर राहिलं." गाडी निघाली. वर उन्हात आम्ही संत्री सोलली. खाली तलावाचे पाणी चकाकत होते. ती बराच वेळ एका कठड्याजवळ उभी राहिली. तिथे काय होते, ते मी विचारले नाही.

परतताना तिने विचारले, "आता त्यांचं किती उरलं असेल?"

"टाकीत जे आहे त्याचा तिसरा हिस्सा."

"आणि काटा अर्ध्यावर आला की दरवेळी भरली तर?"

"दरवेळी हिस्सा निम्मा होईल."

"संपेल कधी?"

"निम्म्याचे निम्मे करत गेले तर गणिताने कधीच नाही, ताई."

तिने गाडीचा वेग जरा कमी केला.

साताऱ्याकडे येताना वर्तमानपत्राच्या समासात मी तेच गणित पुन्हा मांडले. गणिताची निम्मी संपत नाहीत, पण पेट्रोलाचे रेणू अगणित नसतात. चौऱ्याऐंशीच्या आसपास भरण्या झाल्या की भाऊजींचा शेवटचा रेणू उरेल. ताई दोन महिन्यांतून एकदा टाकी भरेल असे धरले, तर चौदा वर्षे. ती आज एकाहत्तरची आहे. समासातली आकडेमोड मी तीनदा तपासली. मग तिला फोन करून एवढेच सांगितले, की काटा अर्ध्याखाली जाऊ देऊ नकोस.