गंगूकाकूला मी भाईर बोलावलं

ह्ये मी कुनालाच सांगितलं न्हाई. मालकास्नी न्हाई, पोटच्या लेकीला बी न्हाई. तुमी ऐकताय तर सांगते — पन मधी थांबवू नगा. थांबले की परत तोंड उघडायचं न्हाई माजं.

बेचाळीसची चळवळ. आमचं मालक भूमिगत हुतं, कुठल्या उसात निजायचं देव जाने. त्या दिशी पहाटं भाकरी न्यायला आलं आन् जाता जाता म्हनलं, आज वड्याच्या पुलावर पलटनीची लारी बॉम लावून उडवायची हाय, फाट्याकडं फिरकू नगं. मी मान हलवली. मला काय ठावं, सकाळी माजाच भाऊ दारात हुबा ऱ्हाईल?

शंकर लष्करात हुता. रजा संपली, म्हून निरोप घ्यायला आला. त्याला फाट्यावरनं त्याच लारीनं जायाचं हुतं. संगं शेजारच्या गंगूकाकूचा दिनकर — त्यो बी शिपाईच, एकुलता एक.

सांगावं तर कसं? शंकरच्या तोंडात तीळ भिजत न्हवता, मालक फासावर गेलं असतं. न सांगावं तर भाऊ जायचा. काय केलं असतं तुमी?

शंकर शकुन-अपशकुन लय मानायचा. आन् गंगूकाकू विधवा. लेक निघाला की बिचारी आपनहून चुलीपाशी बसायची, आडवी यायची न्हाई. दोघं अंगनात उतरलं तशी मी तिला हाक मारली — "काकू, आवं या की भाईर. लेकाला बगून तरी घ्या." तिला वाटलं, पोरगी मायेनं बोलावतीया. पदर सावरत, हसत आली. म्होरंच आली.

शंकर जागच्या जागी थांबला. "आक्का, मी उद्या जातो," म्हनला आन् माघारी फिरला. दिनकर आईच्या पाया पडला आन् गेला.

मला वाटलं हुतं त्यो बी फिरंल — खरंच वाटलं हुतं का? न्हाई. मला शंकरचंच पडलं हुतं. फाटा काय लांब न्हवता. पळत जाऊन दिनकरला गाठता आलं असतं. मी भाकरी थापत बसले.

दुपारी त्याला बैलगाडीतनं आनला. तोंड वळकू येत न्हवतं.

गावानं काकूलाच धरलं. पांढऱ्या पायाची, लेकाला खाल्लं म्हनं. त्या बायकांत मी बी हुबी हुते. पुढं तीस वर्सं उंबरा वलांडायच्या आधी ती आतनं इचारायची, "कुनी गावाला निघालंय का गं?" आन् मीच सांगायची — न्हाई काकू, या.

अंथरुनाला खिळली तवा एक दिस माजा हात धरून म्हनाली, "तू वाईट वाटून घेऊ नगं. तू मायेनं बोलावलंस. मलाच कळाय पायजे हुतं."

तवा मालक वारलं हुतं. देश इंग्रजांच्या हातनं सुटून लय वर्सं झाली हुती. फासाचं भ्या न्हवतं, कुनाचंच न्हवतं.

मी म्हनलं, "पडा आता, काकू."

ती तसंच समजून मेली.