कूस आणि कुक्षी

माझी मुलगी दुसऱ्यांदा नीटची तयारी करत होती, त्या हिवाळ्यात बोरीच्या घरात आम्ही दोघीच होतो. तिचे वडील बदलीच्या गावी. पहिल्या वर्षी सरकारी जागा थोडक्यात हुकली होती, आणि हे वर्ष शेवटचे, असे तिनेच ठरवून टाकले होते. अंगणात तुरीच्या काड्या रचलेल्या असत. ऊन चढले की त्यांचा वाळका, तुरट गंध खिडकीतून तिच्या टेबलापर्यंत येई. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत, “पोरगी नीट करायलीय म्हणं. मंग मागच्या साली काय वाकडं करायली होती?” मुलगी आतून हसे. घरात दिवसभरात तेवढाच काय तो आवाज.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. तिच्या भौतिकशास्त्राच्या उंबऱ्यावर मी नुसती उभी राहू शकत होते. परीक्षेला मराठी माध्यम घेतले, तर प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत येतो, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला. दहावीपर्यंत ती मराठीतूनच शिकली होती. मी जीवशास्त्रातल्या संज्ञा मोठ्याने वाचू लागले: पुंकेसर, परागकण, बीजांड, कुक्षी. जिभेवर ठेवून विरघळू द्यावेत असे शब्द.

कुक्षीपाशी मी रेंगाळले. “कुक्षी म्हणजेच कूस,” मी म्हणाले, आणि मग कुठल्या कुठे गेले. झोपेत बदलतो ती कूस, उजवते ती कूस, लेकरू शिरते ती कूस. ती हनुवटी तळव्यावर टेकवून ऐकत राहिली, लहानपणी ऐकायची तशी. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे पाहत होती.

पुढच्या रविवारी तिने घरीच मराठीतून सराव परीक्षा सोडवली. उत्तरे ताडून पाहताना ती एका प्रश्नावर थबकली. परागकण प्रथम कोठे पडतो? ज्याला ती इंग्रजीत बिनचूक ‘स्टिग्मा’ म्हणायची, फुलाचे ते चिकट टोक म्हणजे शास्त्रातली कुक्षी. तिने मात्र कुक्षीवृंत, म्हणजे त्या टोकाखालचा देठ, हा पर्याय निवडला होता.

“असं कसं गं?”

“कूस तर लय आत असती ना, आई. मला वाटलं, आधी देठ लागंल.”

आम्ही दोघी हसलो. मग तिचे हसू आधी थांबले.

“मी इंग्रजीच घेते,” ती म्हणाली.

“अगं, मराठी घेतलीस तरी इंग्रजी शेजारी असतेच.”

“असती. पण मराठी दिसली की मी तुला शोधायला लागते. तिथं तेवढा वेळ न्हाई.”

तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला समजूत घालता आली असती.

अर्ज भरताना भाषेच्या रकान्याशी तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “तू कर.” मी इंग्रजी निवडली.

त्यानंतर मी प्रश्न इंग्रजीतून विचारू लागले. माझे उच्चार ती हळूच दुरुस्त करी, आणि पुढे पुढे दुरुस्तही करेनाशी झाली. कडुनिंब मोहरला तोवर तिने खोलीचे दार लोटून घेतले होते. दाराबाहेर पाण्याचा तांब्या ठेवताना भांडे वाजू नये म्हणून मी पदराचे टोक मध्ये धरत असे. आतून पुटपुटणे ऐकू येई. त्यातला एकही शब्द माझा नसे.

जागा मिळाली. सरकारी, आणि फार लांबची.

वसतिगृहाच्या खोलीत फिनेलचा आणि नव्या गादीचा वास होता. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी परप्रांतातली. दोघी थोड्या हिंदीत, थोड्या इंग्रजीत बोलू लागल्या होत्या. मी तिची चादर ताणून घातली, उशीचा अभ्रा सारखा केला, पुन्हा केला. ती बोलता बोलता माझ्याकडे वळली.

“आई, निघ आता. बसला उशीर व्हायलाय.”

त्या खोलीत ते मराठी वाक्य फक्त मलाच कळले. मी “हो” म्हणाले, आणि पिशवी उचलली.