पाठीवरचं आपलं आपण

भाऊजी गेले तेव्हा मी कळमेश्वरला होते. तिथल्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते. दुपारचा डबा उघडत होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "दादा गेला," एवढंच म्हणाले. मी डबा बंद केला, साहेबांना सांगितलं आणि नागपूरची बस धरली. भाऊजी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. हृदयाचं दुखणं दीडेक वर्षापासून होतं, त्यामुळे अचानक घडलं असं म्हणता येणार नाही. तरी बसमध्ये मी आपला थांबा सोडून पुढे गेले आणि उलट चालत आले... आता दिवाळी होऊन गेली आहे, सकाळी गार वाटायला लागलं आहे. आमच्या घरात हे दिवस सॅक बाहेर काढायचे.

सुधाकर भाऊजी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सरकारी खात्यात नकाशे काढायचे. माझं लग्न झालं त्या वर्षी आम्ही सगळे पचमढीला गेलो होतो. सामानात होल्डॉल, दोन गाद्या, रॉकेलचा स्टोव्ह, पितळी डबे आणि सासूबाईंचा बसायचा पाट. दोघांनी फिरायचं आणि बाकीच्यांनी सामान राखायचं, अशा पाळ्या लागल्या. तिसऱ्या पाळीला भाऊजी वैतागले. "आपण डोंगर पाहाले आलो का सामान पाहाले?" सासरे पान लावत राहिले.

घरी आल्यावर भाऊजींनी मंदाताईंचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं. मंदाताई माझ्या जाऊबाई. त्यांचे अर्धवट ब्लाउज महिनाभर खुर्चीवर पडून होते आणि मशीनवर पॅराशूटच्या कापडाच्या सॅक शिवल्या जात होत्या. बाजारातल्या सॅकचं निम्मं वजन तिच्या पट्ट्यांचं आणि बकलांचंच असतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्याच कापडाचा तंबू झाला, चालायच्या काठीवर उभा राहणारा. थंड पेयाचा डबा कापून स्पिरिटची शेगडी झाली. तिच्यावर पाचजणांचा चहा व्हायचा. सावकाश, पण व्हायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बैठकीत चादर पसरायची, सगळ्यांनी आपापलं सामान तिच्यावर मांडायचं आणि भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवायची, हा आमचा रिवाज. एकदा त्यांनी लोणच्याची बरणी उचलली आणि हातात खालीवर करून पाहिली.

"बरणी हाये ते," मंदाताई म्हणाल्या. "लेकरू नाही, असं झुलवून राहिले ते."

"लोणचं येईल. बरणी घरी राहील."

"मग मलेही पिशवीतच भरा."

"तुले काहून? तू तर आपल्या पायानं येते."

कोणतीही वस्तू दोन सॅकमध्ये जायची नाही, हाही त्यांचाच नियम. त्यापायी एका वर्षी आम्ही तामियाच्या बाजूला पोचलो आणि कळलं की काडेपेटी कोणीच आणलेली नाही. प्रत्येकाला वाटलं, ती दुसऱ्याकडे असेल. शेगडी होती, स्पिरिट होतं, चहापत्ती होती. गार पाण्यात भिजवलेले पोहे खाल्ले. माझा मुलगा आकाश अजून त्या पोह्यांना 'मोठ्या बाबांची स्पेशल डिश' म्हणतो. भाऊजींनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतले होते.

सगळ्यात पक्का नियम म्हणजे ज्याची सॅक त्यानेच न्यायची. जो नेऊ शकणार नाही त्याने घरी राहायचं. ऐकायला कठोर वाटेल. एकदा चढावर मंदाताईंना धाप लागली. आकाश त्यांची सॅक घ्यायला पुढे झाला, तर भाऊजींनी त्याला अडवलं. आणि स्वतः पळसाखाली बसले. मग आम्हीही बसलो. मंदाताई आपण होऊन उठेपर्यंत कोणी उठलं नाही. वरचं ठिकाण त्या दिवशी झालंच नाही. त्याबद्दल ते नंतर एका शब्दानेही बोलले नाहीत.

मग दुखणं आलं. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू चाला, पण काही उचलायचं नाही. मागच्या थंडीत चादर पसरली तेव्हा भाऊजी खुर्चीवरच बसून राहिले. "तुम्ही जा. माह्यानं सॅक होत नाही," म्हणाले. कोणी आग्रह केला नाही. नियम त्यांचाच होता. पण मंदाताई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. "यंदा हे घरी राहिले ना सुनीता, तर मंग खुर्चीतून उठतच नाहीत. मले माहीत आहे."

आम्ही दोघींनी मिळून त्यांची सॅक भरली. त्यांचं अंथरूण माझ्याकडे, कपडे आकाशकडे, औषधं मंदाताईंकडे. सॅकमध्ये हवेच्या दोन उशा फुगवून कोंबल्या. बाहेरून सॅक भरलेली दिसत होती. मंदाताईंनी ती त्यांच्यासमोर ठेवली. "वजन करून भरली. तुम्हाले झेपते."

भाऊजींनी एका बोटाने पट्टा उचलला. ज्या माणसाला हातात धरून लोणच्याचं वजन कळायचं, त्याला हे कळलं नसेल असं होणारच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मंदाताईंकडे पाहिलं... काट्याकडे पाहिलं नाही. सॅक पाठीला लावली आणि म्हणाले, "चला."

काटोलच्या बाजूला नवऱ्याच्या मित्राची संत्र्याची बाग आहे. बागेमागे एक बुटकी टेकडी आहे, तिच्यावर गेलो. थांबत, बसत, संत्री सोलत. वर पोचल्यावर भाऊजींनी सॅक उघडली, उशा बाहेर काढल्या आणि एकेक बूच उघडून शांतपणे हवा सोडत बसले.

"हवेलेही वजन असते, सुनीता," ते म्हणाले. "थोडंसं. पण असते."

मी संत्र्याच्या बिया वेचत राहिले. त्यांनी उशांची घडी केली. मग रिकाम्या सॅकची घडी केली, रुमालाएवढी झाली. ती मंदाताईंपुढे धरली. "घे वं. हे तू ने."

मंदाताईंनी ती घेऊन आपल्या सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवली. उतरताना भाऊजी मोकळ्या हातांनी सगळ्यांच्या पुढे होते.

त्याच टेकडीवर येत्या रविवारी जायचं ठरवलं आहे. काल मंदाताईंकडे गेले तेव्हा त्यांनी सामान आधीच वाटून ठेवलं होतं. अंथरुणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे तू ने. कपडे आकाशले दे. डबा तुह्या नवऱ्याले सांग." सांगताना संकोच नव्हता, की उपकाराची भाषा नव्हती. मी विचारलं, "मग तुमच्याकडे काय?"

त्यांनी आपली सॅक उचलून माझ्या हातात दिली. आत पाण्याची बाटली होती. बाजूच्या खिशात ती रुमालाएवढी घडी तशीच होती.

"एवढं होते माह्यानं," त्या म्हणाल्या.