आज मी साहेबांचं नाव सांगितलं

मंडळी, आज मी एका माणसाची नोकरी घालवली आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

मी मिरकरवाडा बंदराजवळ कोळंबी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात काम करते. आमचे मॅनेजर चहाच्या सुट्टीत अमेरिकेच्या राजकारणावर बोलायचे. "तिथे बघा, नको असलेल्या माणसाला सरळ घरी पाठवतात. असा कडकपणा आपल्याकडे पाहिजे." त्याच जोशात गणपतीआधी त्यांनी सुशीलाकाकींना सगळ्यांसमोर काढून टाकलं. वीस वर्षं उभ्याने कोळंबी सोलणारी बाई, पाय सुजले म्हणून पाच मिनिटं बसली होती. मी तेव्हा गप्प राहिले, हे आधी कबूल करते.

आता अमेरिकेने कोळंबीवरचा आयात कर वाढवला आणि आमच्या तिकडच्या ऑर्डरी थांबल्या. आज मालक मुंबईहून आले. माणसं कमी करावी लागतील म्हणाले आणि खात्यात आता मीच सगळ्यात जुनी म्हणून मला विचारलं, "तुमच्या खात्यात कोणावाचून अडणार नाही?"

मॅनेजर शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे बघतच मी म्हटलं, "यांच्यावाचून." मग काकींची सगळी हकीकत सांगितली. मालकांनी बाकीच्या बायकांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. दुपारी साहेबांनी टेबल रिकामं केलं.

संध्याकाळी मी काकींच्या घरी गेले. ऐकून त्या हसल्या नाहीत. "त्याची पोरं शाळंत हायत ना गो?" एवढंच विचारलं.

आहेत. तरीही मला आनंद झाला, अजूनही होतोय. तुम्हाला झाला नसता का? खरं सांगा.