त्यांचा रुपया, आमचा रुपया

पैसे श्रीलंकेतच ठेवायचे, ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची दोन वर्षं नवऱ्यानं एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

आम्ही दोघंही इचलकरंजीचे. एकाच वर्गात होतो, त्यामुळे घरात अहो-जाहो कधी नव्हतं. मला सेक्टर बत्तीसच्या सरकारी दवाखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून आम्ही चंडीगढला आलो. त्यालाही जवळच डेराबस्सीला सूतगिरणीत काम मिळालं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. वर्षभर तो घरी बसला. मग एका जुन्या सहकाऱ्यानं कोलंबोजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात त्याला बोलावून घेतलं.

पगार तिथल्या रुपयात मिळायचा. अर्धा तो इकडे पाठवायचा, अर्धा तिथल्या बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. सुरुवातीला तो सगळाच पाठवायला निघाला होता. मीच म्हटलं, "तिकडे व्याज आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. येताना एकदम घेऊन ये. इथे जवळच झिरकपूरला फ्लॅट घेऊ." आम्ही सेक्टर बावीसमध्ये भाड्यानं राहतो, वरच्या मजल्यावर, खाली मोबाइलची दुकानं. उन्हाळ्यात छत इतकं तापतं की रात्री दहानंतरही नळाला गरम पाणी येतं. फ्लॅटचं स्वप्न म्हणजे दुसरं काही नव्हतं. मधल्या मजल्यावरचं घर हवं होतं, इतकंच.

तीन वर्षं सगळं ठीक चाललं. मग एका हिवाळ्यात त्यानं फोनवर सांगितलं की दुधाची पावडर मिळत नाहीये. पुढच्या आठवड्यात गॅस नव्हता. मार्चमध्ये वीज दिवसाला दहा-बारा तास जायला लागली, आणि आमचे फोन त्या वेळापत्रकावर ठरू लागले. पेट्रोलच्या रांगेत लोक गाडीतच झोपतात, असं तो सांगायचा. मी ऐकायची आणि मनात एकच विचारायची, आपल्या पैशांचं काय?

मग त्यांचा रुपया पडला. सुरुवातीला आमच्या एका रुपयाला त्यांचे अडीच मिळायचे. काही आठवड्यांत चारच्या आसपास गेला आणि पुढे पडतच राहिला. मी रक्ताचे नमुने यंत्रात लावायची आणि मधल्या दहा मिनिटांत मोबाइलवर भाव बघायची. तिथल्या कागदावर आमचा एकही पैसा कमी झाला नव्हता. इकडे फ्लॅटची एकेक खोली कमी होत होती.

"ठेव मोड," मी म्हणाले.

"मोडली. हातात त्यांचे रुपये आले. आता त्यांचं काय करू?"

"डॉलर घे."

"बँकेकडे डॉलर असते तर देशाची ही गत झाली असती का?"

तो दर आठवड्याला बँकेत जात होता. परदेशी नोकरदारानं आपली बचत बाहेर न्यायची तर अर्ज होता, कारखान्याचं पत्र होतं, कराचा दाखला होता. सगळं दिलं होतं. काउंटरवरची बाई दर वेळी नम्रपणे सांगायची, पुढच्या आठवड्यात या. एकदा तीच म्हणाली, "सर, माझा स्वतःचा पगारही इथेच आहे." त्यानंतर तिच्याशी भांडणं त्याला जमेना.

सोन्याच्या दुकानांत भाव तासातासाला बदलत होते. हॉटेलच्या लॉबीत बसणारा एक माणूस डॉलर द्यायला तयार होता, पण बँकेच्या दीडपट भावानं. नोटा खोट्या निघाल्या तर तक्रारही करता आली नसती. मग बँकांनी व्याज दुपटीहून जास्त केलं. मी त्या रात्री हिशोब करत बसले आणि त्याला म्हणाले, "परत ठेवीत टाकून बघू या का?"   तो म्हणाला, "तुला काय वाटेल ते सांग. मी करतो." त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आम्ही पुन्हा ठेव केली. थोडे हातात ठेवले.

त्याच सुमारास एक मुलगी माझ्याकडे आली. इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी, श्रीलंकेचीच, आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका यंत्रावर नमुने तपासायला ती आठवड्यातून दोनदा यायची. शांत, कामाला चोख. तिला माझ्या नवऱ्याचं कळल्यावर तिनं विचारलं, कारखान्यापासून नेगोंबो किती लांब? तिची आई तिथे एकटी राहत होती. शिष्यवृत्तीतून ती थोडे पैसे वाचवायची, पण ते घरी पाठवायचे म्हणजे महिना जायचा, आणि आलेले काढायला आईला लांबच्या बँकेत जावं लागायचं. बस नव्हत्या, रिक्षाला पेट्रोल नव्हतं.

तिनं फार संकोचानं सुचवलं. ती मला इथे भारतीय रुपये देईल, माझा नवरा तिच्या आईला तिथले देईल. हे नियमात बसणारं नव्हतं, आम्हा दोघींनाही ते माहीत होतं. मी हो म्हटलं. आमचे अडकलेले पैसे थेंबाथेंबानं का होईना, इकडे येणार होते.

भाव कुठला धरायचा, हा प्रश्न तेवढा राहिला. बँकेत त्या दिवशी चारच्या आसपास होता.

"तीन धरू या," मी म्हणाले. "रोज बदलतंय. उगाच गोंधळ नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे, मॅडम."

इतकंच. मी दोन-तीन कारणं तयार ठेवली होती. एकही सांगावं लागलं नाही.

एप्रिल झाला, मे झाला. चंडीगढला धुळीची वादळं सुरू झाली. भाव साडेचारच्या पुढे गेला आणि मी तीनवरच राहिले. दर महिन्याला ती नोटा पाकिटात घालून आणायची. मी नवऱ्याला आकडा कळवायची आणि तो सायकलवरून नेगोंबोला जाऊन पैसे पोचवायचा. सायकलही त्यानं जुनी, कुणाकडून तरी दुप्पट भावानं घेतलेली. मी स्वतःला समजावत होते की ही माझ्या मुलीच्या घराची गोष्ट आहे. रात्री झोप लागायची नाही, पण ती तशीही लागत नव्हती. आमची मुलगी एकदा म्हणाली, "मम्मा, आप पापा से सिर्फ पैसों की बात करते हो." मी तिला मराठीत रागावले. ती हिंदीतच सॉरी म्हणून आत गेली.

जूनच्या सुरुवातीला ती मुलगी पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, "थँक यू, मॅडम. तुम्ही भाव वाढवलात, आईनं सांगितलं."

मी मान हलवली. वाढवला नव्हता, हे त्या क्षणी सांगता आलं असतं. शेजारी दोन तंत्रज्ञ उभे होते, असं मी नंतर मनाशी म्हटलं. पण आमचं बोलणं कशाबद्दल आहे, हे त्यांना कळतही नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन चप्पलही न काढता नवऱ्याला फोन लावला.

"तू त्या बाईंना किती देतोस?"

"आजचा जो भाव असेल तो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या महिन्यापासून. पहिल्यांदा तू सांगितलेस तेवढेच दिले होते."

"आणि मला न विचारता? आपल्याकडे उरलंय काय, ते माहितीय ना तुला?"

"मला माहितीय," तो म्हणाला. "पैसे माझ्याच हातातून जातायत."

मी खूप बोलले. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी त्यांच्यावरून आवाज चढवत होते. तो ऐकत राहिला. मी दमले तेव्हा त्यानं त्या घराबद्दल सांगितलं. ती बाई पूर्वी कारखान्यातल्या मुलींसाठी भात-कालवणाची पाकिटं बनवून विकायची. त्यावरच तिनं लेकीला शिकवलं होतं. गॅस गेल्यावर तिनं परसात तीन दगडांची चूल मांडली. मग तांदूळ महागला, मुली कमी झाल्या, पाकिटं बंद झाली. आयुष्यभराची शिल्लक तिनंही बँकेतच ठेवली होती, आमच्यासारखीच. तिच्याकडे कुठला अर्ज नव्हता, कारण तिला ते पैसे कुठे न्यायचेच नव्हते. पहिल्या दिवशी त्यानं नोटा दिल्या तेव्हा तिनं त्या मोजल्या नाहीत. त्याला बसवलं आणि चूल पेटवून भात वाढला. डब्यात किती तांदूळ उरला होता, ते त्याला बसल्या जागेवरून दिसत होतं.

"मी जेवलो," तो म्हणाला. "नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही भूक लागली होती गं."

 तो उपाशी राहतोय का, हे तीन महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं. ठेव विचारली होती, अर्ज विचारला होता, डॉलर विचारला होता.

पुढच्या महिन्यात मी त्या मुलीला कँटीनमध्ये चहाला नेलं आणि सांगून टाकलं, भाव मी वाढवला नव्हता, त्यानं वाढवला. पहिल्या महिन्यात मी तुझ्याकडून जास्त घेतले.

तिनं कप खाली ठेवला. "मला माहीत होतं, मॅडम. भाव माझ्याही मोबाइलवर दिसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? माझ्या आईच्या दारापर्यंत जाणारा माणूस एकच होता." मग ती म्हणाली, "आणि तुमचंही बुडत होतंच की."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्याकडे ती एका बुडणाऱ्या माणसाकडे दुसऱ्यानं पाहावं तशी पाहत होती. मी फरकाचे पैसे काढून दिले. तिनं नको म्हटलं नाही. मोजून घेतले, बरोबर आहेत म्हणाली आणि नमुने तपासायला गेली. मला ते आवडलं. तिनं नको म्हटलं असतं तर मी कदाचित परत पर्समध्ये ठेवले असते, आणि ते मला पुढे पेललं नसतं.

जुलैत तिथल्या राजधानीत माणसांचा लोंढा रस्त्यावर आला. आम्ही दोघी प्रयोगशाळेत एकाच मोबाइलवर ते बघत होतो. ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही. नवरा दोन दिवस फोनवर आला नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलीनंच मला येऊन सांगितलं की सर आईकडे आहेत, सुखरूप आहेत, कारखाना बंद असल्यामुळे तिकडेच थांबलेत. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा कामाला लागले.

त्या दोन दिवसांत मी ठेवीचा विचार केला नव्हता. हे लिहितानाही मला त्यात काही मोठेपणा वाटत नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती.

वर्ष संपता संपता कारखान्याचं काम निम्म्यावर आलं आणि त्याला निरोप मिळाला. बँकेनं पैसे हप्त्याहप्त्यानं सोडले. जे आलं ते आम्ही साठवलेल्याच्या निम्म्याहून कमी होतं. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचा रुपया थोडा सावरला. थांबलो असतो तर अजून थोडं वाचलं असतं. हे मी एकदा हिशोब करून पाहिलं आणि कागद टाकून दिला.

तो आला तेव्हा मोहाली विमानतळावर आमच्या मुलीनं त्याला ओळखायला एक क्षण घेतला, इतका वाळला होता. त्या बाईनं लेकीसाठी सुक्या मासळीची पुडी आणि आमच्यासाठी दालचिनी दिली होती. घरी येऊन तो दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी उठून म्हणाला, "इथे वीज जात नाही का?"

त्या मुलीचं संशोधन पूर्ण झालं. आता ती दुसऱ्याच कुठल्या देशात नोकरी करते आणि आईला पैसे सरळ बँकेतून पाठवते. नवऱ्याला डेराबस्सीलाच नव्या गिरणीत काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. झिरकपूरचे भाव आता आमच्या आवाक्याबाहेर गेलेत. वरच्या मजल्यावरच आहोत. छतावर पांढरा रंग मारून घेतला, त्यानं थोडा फरक पडतो.

पगार झाला की काहीतरी उरतं. पोस्टात टाकायचं, सोन्यात, की आणखी कशात, यावर आमचं बोलणं निघतं. तो म्हणतो, "तू ठरव." मी म्हणते, "तू ठरव." मग दोघांपैकी कुणीतरी भाजीचा विषय काढतो, आणि पैसे महिनोन्‌महिने साध्या खात्यात तसेच पडून राहतात.